मॉरिशसची सामाजिक सेवाव्यवस्था : सर्वांसाठी की केवळ गरजूंसाठी?

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'सामाजिक क्षेत्र' हा घटक आपल्या अभ्यासक्रमात असतो आणि आपण तो बहुधा योजनांच्या नावांनी पाठ करतो. योजना कोणत्या वर्षी सुरू झाली, तिचा लाभ कोणाला, निधीत केंद्राचा वाटा किती, एवढे लिहिले की उत्तर पूर्ण झाले असे आपल्याला वाटते. आज मी एकाही भारतीय योजनेपासून सुरुवात करणार नाही. हिंदी महासागरातील एका लहान देशाने आपल्या नागरिकांना शिक्षण, आरोग्य आणि म्हातारपणाचा आधार कसा पुरवला, हे पाहू. तो देश मॉरिशस. त्याची निवड करण्याचे कारण असे की, एका वादग्रस्त प्रश्नाचा सत्तर वर्षांचा अनुभव या देशाच्या गाठी आहे. शासनाची मदत सर्वांना द्यावी की केवळ गरजूंना, हा तो प्रश्न. आपल्याकडे शिधापत्रिकेपासून वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनापर्यंत सर्वत्र तो आडवा येतो.

आधी आकार लक्षात घ्या. मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. म्हणजे हा देश विस्ताराने गोव्याहून लहान आणि लोकसंख्येनेही गोव्याहून काहीसा कमी आहे. १२ मार्च १९६८ रोजी तो ब्रिटिश सत्तेतून मुक्त झाला आणि १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक बनला. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर तेथे नेण्यात आले. ते ज्या घाटावर उतरत तो पोर्ट लुई येथील 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांमुळे तेथील प्राथमिक शाळांत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू या भाषांसोबत मराठी हा विषयही घेता येतो. हा उल्लेख केवळ अभिमानापोटी केलेला नाही. इतक्या भाषा, धर्म आणि वंश एका लहान बेटावर एकत्र असणे, हा या देशाच्या सामाजिक धोरणाचा मूळ संदर्भ आहे. तो पुढे वारंवार येईल.

निराशाजनक भाकिताचा काळ

चाळीसच्या दशकाच्या मध्यास मॉरिशसमध्ये सरासरी आयुर्मान अवघे तेहतीस वर्षांच्या आसपास होते. हिवतापाने बेट पोखरले होते. १९४९ नंतर डीडीटी फवारणीची व्यापक मोहीम झाली आणि मृत्यूदर झपाट्याने खाली आला. पन्नासच्या दशकाच्या आरंभीच आयुर्मान पन्नासच्या घरात गेले. जन्मदर मात्र पूर्वीसारखाच उंच राहिला. परिणामी लोकसंख्या वर्षाला जवळपास तीन टक्क्यांनी वाढू लागली. जमीन मर्यादित, पीक एकच, ते म्हणजे ऊस. आणि त्या उसाची धूळधाण करणारी चक्रीवादळे. जानेवारी १९६० मध्ये 'अॅलिक्स' आणि पुढच्याच महिन्यात 'कॅरोल' या वादळांनी बेटावरील हजारो घरे जमीनदोस्त केली.

याच सुमारास दोन अभ्यासगट मॉरिशसमध्ये आले. एकाचे नेतृत्व अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्याकडे होते. मीड यांना पुढे १९७७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या गटात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे रिचर्ड टिटमस आणि ब्रायन एबल-स्मिथ होते. मीड यांच्या १९६१ च्या अहवालाचा सूर निराशेचा होता. वाढती लोकसंख्या, एकाच पिकावरचे अवलंबन आणि समाजातील फाटाफूट पाहता या बेटाच्या शांततापूर्ण प्रगतीविषयी त्यांना फारशी आशा वाटत नव्हती. विकासाच्या पाठ्यपुस्तकांत हे भाकीत आजही उद्धृत होते, ते खोटे ठरल्यामुळे. ते का खोटे ठरले याची कारणे सांगताना निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा १९७० चा कायदा आणि युरोपला हमीभावाने साखर विकण्याचा १९७५ चा करार यांचा उल्लेख हमखास होतो. दोन्ही कारणे खरीच आहेत. पण टिटमस यांच्या अहवालाकडे परीक्षार्थींचे सहसा लक्ष जात नाही.

टिटमस यांना विचारलेला प्रश्न साधा होता: गरीब वसाहतीला सामाजिक सुरक्षा परवडेल काय? त्यांनी त्याचे उत्तर लोकसंख्येच्या प्रश्नाशी जोडून दिले. कुटुंबनियोजनाची सेवा ही सार्वजनिक आरोग्यसेवेचाच भाग असावी, असे त्यांनी सुचवले. तेथील समाजात कॅथलिक चर्चचा प्रभाव मोठा असल्याने या शिफारशीवर वादळ उठले. त्यातून तोडगा निघाला तो व्यवहारी होता. एका स्वयंसेवी संस्थेने आधुनिक साधने पुरवायची आणि चर्चला मान्य अशा नैसर्गिक पद्धतीचा प्रसार दुसऱ्या संस्थेने करायचा. शासनाने दोन्हींना साहाय्य दिले. साठच्या दशकाच्या आरंभी एका स्त्रीमागे सरासरी सहाच्या आसपास मुले होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण तीनपर्यंत आले. सक्ती झाली नाही. हाच काळ आपल्याकडे कोणत्या कारणासाठी लक्षात राहिला आहे, हे आपणास सांगायला नको.

सर्वांना एकच निवृत्तिवेतन

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. मॉरिशसने १९५० मध्ये वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. स्वातंत्र्य अठरा वर्षे दूर होते. हे वेतन 'विनाअंशदान' होते, म्हणजे लाभार्थ्याने आयुष्यभर हप्ते भरलेले असणे आवश्यक नव्हते. पैसा करातून येत होता. सुरुवातीस उत्पन्नाची अट होती. अधिकारी अर्जदाराच्या मिळकतीची चौकशी करीत आणि मगच वेतन मंजूर होई. १९५८ मध्ये ही अट रद्द झाली. ठरावीक वय झालेला, देशात ठरावीक काळ वास्तव्य केलेला प्रत्येक नागरिक पात्र ठरला. मळ्याचा मालक आणि मळ्यावरचा मजूर यांना एकच रक्कम मिळू लागली.

ही घटना अनेकांना विचित्र वाटते. श्रीमंताला सरकारने निवृत्तिवेतन का द्यावे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले प्रशासकीय आहे. कोणतीही लक्ष्याधारित योजना दोन प्रकारच्या चुका करते. अपात्र माणूस यादीत शिरतो, ही समावेशाची चूक; पात्र माणूस यादीबाहेर राहतो, ही वगळण्याची चूक. वर्तमानपत्रे पहिल्या चुकीची चर्चा करतात, कारण बंगल्यात राहणाऱ्या लाभार्थ्याचे छायाचित्र छापता येते. दुसरी चूक दिसत नाही, कारण जो कागदपत्रांअभावी घरी परतला त्याची नोंद कुठेच होत नाही. अट काढून टाकली की वगळण्याची चूक जवळपास संपते आणि वय तपासणे एवढेच काम प्रशासनाला उरते. श्रीमंताला दिलेली रक्कम आयकराच्या मार्गाने काही अंशी परत घेता येते.

दुसरे उत्तर राजकीय आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या समाजात हिंदू, मुस्लिम, क्रिओल, चिनी वंशाचे आणि फ्रेंच वंशाचे लोक शेजारी राहतात, तेथे 'गरजू कोण' हे ठरवणारा अधिकारी कोणत्या समाजाचा, हा प्रश्न लगेच उभा राहतो. यादी कितीही प्रामाणिकपणे केली तरी संशय राहतोच. सर्वांना समान देणाऱ्या व्यवस्थेत यादीच नसते, त्यामुळे त्या संशयाला जागा उरत नाही. शिवाय मध्यमवर्गाला स्वतःला ज्या सेवेचा लाभ मिळतो, तिच्यासाठी कर भरण्यास तो फारशी कुरकुर करीत नाही.

१९७६ च्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन कायद्याने या पायावर दुसरा मजला चढवला. मूळ वेतन करातून सर्वांना. त्याच्या जोडीला नोकरदारांसाठी अंशदानाचा निधी. त्यात सर्वसाधारणपणे कामगाराने वेतनाच्या ३ टक्के आणि मालकाने ६ टक्के भरावयाचे होते. १९९५ च्या कायद्याने राष्ट्रीय बचत निधी आला. त्यातून निवृत्तीच्या वेळी एकरकमी रक्कम मिळते. विधवा, अपंग आणि अनाथ यांच्यासाठीची मूळ वेतनेही याच व्यवस्थेत बसवलेली आहेत. वय ९० झाले की मूळ वेतन वाढते, शंभरीला आणखी वाढते. 'बहुस्तरीय निवृत्तिवेतन व्यवस्था' या प्रश्नासाठी उदाहरण हवे असेल तर हे ध्यानात ठेवा. पण सप्टेंबर २०२० मध्ये अंशदानाचा निधी बंद करून त्याऐवजी 'सामाजिक अंशदान' आकारले जाऊ लागले. ते सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होऊ लागले. कामगाराच्या नावावर जमा होणारे हप्ते आणि तिजोरीत मिसळून जाणारी रक्कम यांत मूलभूत अंतर आहे. त्यामुळे या बदलावर तेथे कडाडून टीका झाली, आणि माझ्या मते ती योग्य होती.

शाळा, दवाखाना आणि तेलाचा पिंप

शिक्षणाची कथा एका आंदोलनापासून सुरू होते. मे १९७५ मध्ये मॉरिशसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यानंतर मतदानाचे वय १८ वर आले, डिसेंबर १९७६ मध्ये निवडणूक झाली आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले. शासनाकडे तेव्हा पुरेशा माध्यमिक शाळा नव्हत्याच. बहुतेक मुले खासगी आणि चर्चच्या शाळांत शिकत. शासनाने त्या ताब्यात घेतल्या नाहीत. शिक्षकांचे पगार आणि शाळेचा खर्च अनुदानातून द्यायचा, त्या बदल्यात शाळेने शुल्क घ्यायचे नाही, अशी व्यवस्था केली. आपल्याकडील अनुदानित शाळांशी हे चित्र पुष्कळसे जुळते.

यातला दोषही सांगितला पाहिजे. शिक्षण मोफत झाले, पण चांगल्या शाळांतील जागा मोजक्याच राहिल्या. प्राथमिक शिक्षणाच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेवर मुलाचे भवितव्य ठरू लागले. अकरा वर्षांच्या मुलांसाठी खासगी शिकवण्यांचा बाजार उभा राहिला. मोफत शाळा आणि सशुल्क शिकवणी, असा हा प्रकार! ती परीक्षा २०१७ मध्ये बदलण्यात आली आणि नऊ वर्षांच्या मूलभूत शिक्षणाची रचना आली. शिकवण्या मात्र संपल्या नाहीत. येथे बसलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या शिकवणीवरून थेट इकडे आले आहेत, हे मी विचारत नाही. भाषेचा अडसरही मोठा होता. घरी क्रिओल, वर्तमानपत्रात फ्रेंच आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी. गरीब क्रिओल वस्त्यांतील मुले पहिल्याच पायरीवर अडखळत. क्रिओल भाषा प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली ती २०१२ मध्ये.

आरोग्यसेवा सरकारी रुग्णालयांत निःशुल्क आहे. तपासणी, औषध, शस्त्रक्रिया, सर्व काही. पाच प्रादेशिक रुग्णालये आणि त्यांच्याखाली गावोगावची आरोग्य केंद्रे अशी रचना आहे. देश लहान असल्याचा येथे थेट फायदा होतो. बहुतेक नागरिकांना बसने तासाभरात कोणते ना कोणते रुग्णालय गाठता येते. बालमृत्यूचे प्रमाण साठच्या दशकात हजारी साठच्या आसपास होते, ते आता पंधराच्या आत आहे. हिवताप १९७३ मध्ये संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, पण १९७५ मध्ये चक्रीवादळानंतर तो परतला. पुन्हा लढा देऊन १९९८ नंतर स्थानिक लागण थांबवण्यात यश आले. आजही विमानतळावर हिवतापग्रस्त देशांतून येणाऱ्या प्रवाशांची नोंद घेतली जाते आणि आरोग्य कर्मचारी त्यांच्या पत्त्यावर जाऊन चौकशी करतात. रोग संपला तरी यंत्रणा मोडली नाही, याची मला विशेष दाद द्यावीशी वाटते.

आरोग्यातील एक प्रसंग मात्र थोडा सविस्तर सांगतो, कारण सार्वजनिक सेवा म्हणजे केवळ रुग्णालय नव्हे, हे त्यातून कळते. १९८७ मध्ये मॉरिशसने असंसर्गजन्य रोगांची पाहणी केली. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांचे प्रमाण धक्कादायक निघाले. कोलेस्टेरॉलही चढेच होते. शोध घेता असे दिसले की, शासन स्वस्त दराने जे शिधातेल लोकांना पुरवत होते ते मुख्यतः पामतेल होते, आणि त्यात संपृक्त मेदाचे प्रमाण अधिक असते. शासनाने जनजागृतीची भित्तिपत्रके लावली, व्यायामाचे सल्ले दिले. पण त्याबरोबर शिधातेलाचा घटकच बदलून टाकला. पामतेलाऐवजी प्रामुख्याने सोयाबीन तेल आले. किंमत परवडणारी, दुकान तेच, फोडणीची पद्धत तीच. १९९२ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा लोकसंख्येतील सरासरी कोलेस्टेरॉल ५.५ वरून ४.७ मिलिमोल प्रति लिटरपर्यंत उतरल्याचे आढळले. पाच वर्षांत सगळ्या देशाच्या रक्तात फरक पडला! याचे सारे श्रेय तेलाला देता येणार नाही, तरी मोठा वाटा त्याचाच असल्याचे अभ्यासकांचे मत आहे. मधुमेह मात्र हटला नाही. आजही सुमारे पाच प्रौढांमागे एकाला तो आहे, आणि मोफत रुग्णालयांवरचा सर्वांत जड भार हाच आहे.

पैसा आणि प्रशासन

इतके सारे परवडले कसे? सुरुवातीच्या काळात साखरेवरील निर्यात कराने मोठा हातभार लावला. मोठ्या मळेवाल्यांवर अधिक बोजा पडेल अशी त्याची रचना होती. हा कर १९९४ मध्ये रद्द झाला. साखर उद्योगावरील उपकरातून मजुरांसाठी कल्याण निधी १९४८ पासूनच चालत होता आणि गावांतील समाजमंदिरे त्यातून उभी राहिली. पुढे मूल्यवर्धित कर आला. पण खर्चाच्या बाजूची एक गोष्ट अधिक बोलकी आहे. मॉरिशसला स्वतंत्र लष्कर नाही. पोलीस दलाचाच एक विशेष विभाग आणि तटरक्षक दल ती गरज भागवतात. संरक्षणावर न खर्चलेला पैसा शाळा-दवाखान्यांना मिळाला. अर्थात ही सवलत सर्व देशांना उपलब्ध नसते, आपल्याला तर नाहीच.

प्रशासनाची घडी केंद्रीभूत आहे. निवृत्तिवेतन, शाळा, रुग्णालये हे सर्व संबंधित मंत्रालये थेट चालवतात. नगरपालिका आणि जिल्हा परिषदांकडे कचरा, बाजार, स्मशाने, क्रीडांगणे अशी कामे उरतात. विकेंद्रीकरण नेहमीच हितकारक असते, असे आपण उत्तरपत्रिकेत लिहीत असतो. जिथे राजधानीपासून शेवटचे गाव दोन तासांवर आहे, तिथे ते वाक्य तपासून पाहावे लागते. अपवाद रॉड्रिग्स बेटाचा. ते मुख्य बेटापासून सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहे. त्याची आपली प्रादेशिक विधानसभा २००२ मध्ये अस्तित्वात आली.

ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर मॉरिशसवर आर्थिक संकट कोसळले. १९७९ आणि १९८१ मध्ये चलनाचे अवमूल्यन झाले, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी आल्या. अनेक देशांनी अशा प्रसंगी शाळा आणि दवाखान्यांत शुल्क लावले. मॉरिशसने खर्च कमी केला, अन्नधान्यावरील अनुदान आवळले, पण शिक्षण आणि उपचार मोफतच राहिले. स्वातंत्र्यापासून १९८२ पर्यंत पंतप्रधान असलेले शिवसागर रामगुलाम हे स्वतः वैद्यकीय पदवीधर होते, हे येथे नमूद करावेसे वाटते. पण १९८२ मध्ये त्यांचा दारुण पराभव करून आलेल्यांनीही ही व्यवस्था मोडली नाही.

अट परत आली, आणि गेली

२००४ मध्ये तेथील सरकारने निवृत्तिवेतनाला पुन्हा उत्पन्नाची अट लावली. तर्क बिनतोड होता: वृद्धांची संख्या वाढते आहे, श्रीमंतांना वगळले तर बचत होईल. प्रत्यक्षात प्रत्येक वृद्धाला आपल्या मिळकतीचा अर्ज भरावा लागला. ज्यांचे वेतन जाणार नव्हते त्यांनाही तो भरावा लागला. आयुष्यभर काम केलेल्या माणसांना आपण याचक ठरलो असे वाटले. जुलै २००५ च्या निवडणुकीत हा मुद्दा गाजला आणि सरकार गेले. नव्या सरकारने अट रद्द केली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून विद्यार्थी, वृद्ध आणि अपंग यांना बसप्रवास मोफत केला. बससंस्थांना त्याची भरपाई शासन देते. अशा योजनेत एक गोम असते. ज्या प्रवाशाकडून रोख भाडे येत नाही त्याच्यासाठी थांब्यावर गाडी उभी करण्याची चालकाची इच्छा किती राहील, हे भरपाईची पद्धत कशी आखली आहे यावर ठरते.

२००५ नंतर उत्पन्नाची अट लावण्याचे धाडस बराच काळ कोणी केले नाही. झाले ते उलटेच. निवडणुकांत निवृत्तिवेतन वाढवण्याची चढाओढ लागली. डिसेंबर २०१४ च्या निवडणुकीनंतर दरमहा ३,६२३ रुपयांचे वेतन ५,००० रुपये झाले. २०१९ च्या निवडणुकीनंतर ते ९,००० वर गेले. हे मॉरिशसचे रुपये आहेत. आपल्या रुपयाच्या जवळपास दुप्पट मोलाचे. तुलनेसाठी आपले राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातील वृद्धापकाळ निवृत्तिवेतन पाहा. ते दारिद्र्यरेषेखालील वृद्धांपुरतेच आहे. त्यात केंद्राचा हिस्सा ६० ते ७९ या वयोगटासाठी दरमहा २०० रुपये आणि ८० वर्षांपासून पुढे ५०० रुपये आहे. राज्ये त्यात आपापली भर घालतात. दोन देशांच्या आकारात आणि संपत्तीत प्रचंड तफावत आहे, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना करू नये. पण किती वर्षांत कोणी रक्कम किती वेळा वाढवली, हे पाहायला हरकत नाही.

सर्वांसाठीच्या सेवेने सर्वांचे भले झाले, असेही नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये लोकप्रिय क्रिओल गायक काया यांचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेटावर दंगली उसळल्या. मोफत शाळा असूनही क्रिओल वस्त्यांतील मुले मागे का, मोफत रुग्णालये असूनही त्यांच्या घरांची अवस्था अशी का, हे प्रश्न तेव्हा उघडपणे विचारले गेले. त्यानंतर दुर्बल गटांसाठी स्वतंत्र निधी, २००९ पासून कंपन्यांच्या नफ्यातील २ टक्के सामाजिक कामांसाठी, आणि २०१६ चा सामाजिक एकात्मता कायदा अशी पावले पडली. या कायद्याखाली गरीब कुटुंबांची नोंदवही ठेवली जाते आणि मुलांना शाळेत पाठवण्यासारख्या अटींवर मदत मिळते. म्हणजे सर्वांसाठीच्या पायावर गरजूंसाठीचा एक छोटा मजला चढवावाच लागला. माझे मत असे की, हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सर्वांसाठी, आणि जे तरीही मागे राहिले त्यांच्यासाठी नंतर वेगळे. आपण बहुधा उलट्या क्रमाने जातो. १९९७ मध्ये आपण सार्वजनिक वितरण व्यवस्था लक्ष्याधारित केली आणि नंतर कोण गळले याचा शोध घेत बसलो. तमिळनाडूने मात्र शिधा सर्वांसाठी खुला ठेवला.

आता सध्याच्या पेचाकडे. जो देश कधी लोकसंख्येच्या स्फोटाला घाबरत होता, तेथे आज एका स्त्रीमागे दीडपेक्षा कमी मुले आहेत. जवळपास पाचांपैकी एक नागरिक साठीपुढचा आहे. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात बसवले, आणि कोविडच्या आघातानंतर पुढच्याच वर्षी तो खाली घसरला. पर्यटन ठप्प झाले होते, कर्ज वाढले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्तांतर झाले. नव्या सरकारने जून २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ निवृत्तिवेतनाचे वय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ करण्याचे जाहीर केले. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. त्यांचा मुद्दा असा: कार्यालयात बसणारा माणूस पासष्टीपर्यंत काम करू शकतो, ऊस तोडणाऱ्याचे किंवा बांधकामावर ओझी वाहणाऱ्याचे शरीर साठीतच थकते. वय सर्वांना सारखे लावले, तरी झळ सारखी लागत नाही.

सरकारचा मुद्दाही खोटा नाही. हे वेतन अर्थसंकल्पातील सर्वांत मोठ्या बाबींपैकी एक झाले आहे, आणि ते भरणाऱ्या तरुणांची संख्या घटते आहे. रक्कम वाढवण्याच्या स्पर्धेत सर्वच पक्ष सामील होते, त्यामुळे आज एकालाच दोष देणे अवघड आहे. निदर्शनांनंतर सरकारने साठीपुढच्या, पण अद्याप वेतनास पात्र न ठरलेल्या, उत्पन्नाचे साधन नसलेल्या लोकांना साहाय्य देण्याचे जाहीर केले. इथे जुना प्रश्न मागच्या दाराने परत आला आहे. उत्पन्नाचे साधन नाही, हे ठरवायचे कोणी, कोणत्या कागदावरून, आणि १९५८ मध्ये व २००५ मध्ये दोनदा रद्द केलेली चौकशी तिसऱ्यांदा कोणत्या कार्यालयात सुरू होणार?

प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला आहे. आपल्या शंका विचाराव्यात.